दात पडला तर कोणता गुन्हा?

मी त्याला पहिल्यांदा धरलं ते मानगुटीला.

थंडीची सकाळ होती, उन्हाला अजून धार आली नव्हती. मागच्या अंगणात मी ज्वारी पाखडत बसले होते, आणि पोलीस शाळेच्या भिंतीवरून एक उंच पोरगा धप्पकन आमच्या गोवऱ्यांच्या ढिगावर पडला. अंगात फाटका सदरा, तोंडाला रुमाल, काखेत पितळी तांब्या. उठला, इकडंतिकडं बघितलं आणि चुलीच्या आडोशाला दडून बसला. मी सूप खाली ठेवलं, मागनं गेले आणि धरली मान.

"अव्वा! चोर घावला!"

"हळू… हळू बोला, अक्का," तो रुमालातून म्हणाला. "मी चोर नाही. आज मला चोर केलंय."

"कोणी केलं?"

"हिरेमठसाहेबांनी. सराव चालू आहे आमचा. बाकीचे सगळे पोलीस, मी एकटा चोर. त्यांनी मला हुडकायचं, धरायचं आणि गुन्हा कोणता ते सांगायचं."

"आणि हा तांब्या?"

"चोरीचा माल. शाळेचाच आहे."

"खरा चोर पण हेच सांगेल. आणि मी तुझी अक्का कशी लागते रे? माझ्या अव्वाला दोनच लेकरं. तू तिसरा कुठनं आलास?"

त्यानं रुमाल खाली ओढला. सावळा चेहरा, कपाळावर गोवरीचा चुरा, आणि डोळे असे की हसू तिथंच सुरू व्हायचं, ओठांवर पोचायला जरा वेळ लागायचा. तोवर भिंतीवर चार टाळकी उगवली होती. त्यातला कासिमसाब पोट धरून हसत होता. "यमनूर, लेका! पोलिसाच्या आधी बाईनं धरला की रे तुला!"

रविवारी पोरांना सुट्टी असायची. शाळेचा भात खाऊन कंटाळलेली सगळी आमच्या खानावळीत यायची. आमची खानावळ म्हणजे अव्वाची. बाप मी लहान असतानाच गेला, आणि अव्वानं भाकऱ्या थापून मला आणि माझ्या अण्णाला, ईरण्णाला, मोठं केलं. माझी शाळा चौथीत सुटली. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. भाकरी माझ्यासारखी त्या होसकेरी गावात कुणाला जमत नव्हती, आणि जीभही नव्हती.

त्या रविवारी तो कासिमबरोबर आला. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. मी वाढायला गेले तर मान खाली घालून म्हणतो, "परवा तुम्ही मला धरलं ना… ते कायद्यात बसतं."

"मी कायद्याला विचारून धरत नसते."

"तसं नाही. समोर चोरी होताना दिसली, तर कोणीही माणूस चोराला धरू शकतो. पोलीसच पाहिजे असं नाही. फक्त धरल्यावर लगेच पोलिसाच्या ताब्यात द्यायचा."

"दिला असता. पोलीस होते कुठं? सगळे भिंतीपलीकडं."

"हो, पण…" तो ताटाकडं बघत म्हणाला, "स्वतःकडं ठेवून घेता येत नाही."

कासिमला ठसका लागला. मी त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या आदळला आणि आत गेले. चुलीपुढं बसले तर तोंड तापलं होतं. आगीनं नाही… आगीशी माझा रोजचाच संबंध.

त्याचं नाव यमनूरप्पा तळवार. त्याचा बाप गावचा राखणदार, आजाही राखणदार. रात्री काठी आपटत गावभर फिरायचं आणि सकाळी लोकांच्या ओसरीखाली, अंगणात उभं राहून धान्य घ्यायचं. त्या घरातला हा पहिला पोरगा जो वर्दी घालणार होता. त्यामुळं अभ्यास असा करायचा की जणू कलमांनीच पोट भरतं. संध्याकाळी तासभर मोकळीक मिळाली की बाकीची पोरं बाजारात जायची. हा आमच्या मागच्या पायरीवर बसून पाठांतर करायचा. म्हणायचा, तुमच्या भाकरीच्या थापेवर चांगलं पाठ होतं.

"चोरी," थप. "जबरी चोरी," थप. "दरोडा…"

"थांब. जबरी चोरी आणि दरोडा वेगळं कसं?"

"पाच किंवा जास्त माणसं असली तर दरोडा. चार असली तर जबरी चोरी."

"म्हणजे पाचवा आलाच नाही तर शिक्षा कमी? मग पाचव्याला सांगायचं की, बाबा, तू आज घरीच झोप."

तो हसला की खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. मला तो आवाज काढायला लावायचा नाद लागला. दुखापत शिकला तेव्हा मी विचारलं, "माझ्या अव्वानं मला उलथन्यानं चटका दिला, ते काय?" तो एकदम गंभीर झाला. "कुठं?" म्हणाला. मी कोपर दाखवलं. तो बघत राहिला. बोट पुढं आलं होतं त्याचं, पण लागलं नाही… हवेतच थांबलं आणि मागं गेलं.

"साधी दुखापत," तो हळूच म्हणाला. "साध्या दुखापतीत पोलीस स्वतःहून काही करू शकत नाहीत. कोर्टाची परवानगी लागते."

"कशाला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

एकदा तो तयारी आणि प्रयत्न पाठ करत होता. माणसानं मनात ठरवलं, तर गुन्हा नाही. तयारी केली, तरी बहुतेक वेळा गुन्हा नाही. पाऊल टाकलं की मात्र प्रयत्न.

"मग तू कुठवर आला आहेस?" मी भाकरी तव्यावर टाकत विचारलं.

"कशात?"

"मला काय माहीत कशात. रोज येऊन बसतोस, त्यात."

त्यानं पायरीवरची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "तयारीत… अजून तयारीतच आहे."

"लवकर कर. तयारी करणाऱ्याची भाकरी गार होते."

त्या दिवसापासून तो मला अक्का म्हणायचा बंद झाला. नावानं हाक मारायचं धाडस नव्हतं, त्यामुळं नुसतंच "अहो… हे…" असं चालायचं. कासिमनं भर पंगतीत ओरडून सांगितलं, "अरे, यमनूरची अक्का हरवली! तक्रार नोंदवा रे कोणी!" सगळी पोरं हसली. अव्वा हसली नाही. ती भाकऱ्यांच्या चळतीवरून माझ्याकडं बघत होती.

संक्रांत झाली आणि मिरच्या कुटायचे दिवस आले. एका रविवारी दुपारी मी मागं उखळाशी होते. तो पायरीवर. मुसळ जोरात बसलं आणि मिरचीची पूड उडून सरळ माझ्या डोळ्यात गेली. मी ओरडले. दोन्ही हात तिखटाचे, डोळा चोळता येईना. तो धावत आला, म्हणाला, "हात लावू नका, हात लावू नका," आणि माझी हनुवटी धरून वर केली. पहिल्यांदा शिवला मला. डोळ्यात फुंकर घातली… मग पाणी, मग परत फुंकर. त्याच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. मी दुसरा डोळा उघडा ठेवून त्याच्याकडं बघत होते. जळत होतं, तरी वाटत होतं, जळू दे अजून थोडं.

आणि ईरण्णा आला.

माझा अण्णा वाईट नव्हता. तापट होता. सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव लागलं होतं, पोलिसांकडनं चारित्र्याचा दाखला गेला की हुकूम हातात येणार होता. त्या आनंदात गावभर छाती काढून हिंडत होता. त्यानं काय बघितलं, तर तळवाराच्या पोराच्या हातात बहिणीची हनुवटी. विचारलं नाही. हातात कडं होतं त्याच्या, तोच हात फिरवला.

यमनूर भिंतीवर जाऊन आदळला. शाळेत त्याला माणूस कसा पालथा पाडायचा ते शिकवलं होतं, अण्णाला त्यानं दोन पावलांत झोपवला असता. त्यानं हात उचलला नाही. ओंजळीत रक्त थुंकला, त्यात दात होता. पुढचा, वरचा.

"मिरची गेली होती डोळ्यात, गाढवा!" मी ओरडले. "मिरची!"

अण्णा माझ्या लाल डोळ्याकडं बघत राहिला. मग उखळाकडं. त्याचं तोंड उतरलं, पण माफी मागायची तर तळवाराची कशी मागायची, हे त्याला सुचेना. "परत इथं दिसायचं नाही," एवढं बोलून तो निघून गेला.

यमनूरनं दात खिशात टाकला. "मी पडलो," तो म्हणाला. बोलताना हवा जात होती. "शाळेत तेच सांगणार आहे. दोरीवरून पडलो. तुम्हीही तेच सांगा."

"का?"

"दात आहे ना." मला कळलं नाही तसं त्यानं परत सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "नुसती थप्पड असती तर साधी दुखापत, पोलिसांना त्यात हात घालता येत नाही. पण हाड मोडलं किंवा दात पडला, की गंभीर दुखापत. मग माझी तक्रार असो नसो, कळलं की नोंद करावीच लागते. ईरण्णाचा दाखला अडकेल. नोकरी जाईल."

"आणि तुझा दात?"

"अजून बरेच आहेत," तो म्हणाला, आणि हसायला गेला… दुखलं त्याला.

पुढचं मी बघितलं नाही. कासिमनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी धापा टाकत येऊन.

सकाळी हिरेमठसाहेबांनी सुजलेलं तोंड बघितलं. यमनूर म्हणाला, दोरीवरून पडलो. साहेब बरं म्हणाले. वर्गातल्या सगळ्या पोरांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या पोटात आमच्या भाकऱ्या होत्या, त्यामुळं कोणी तोंड उघडलं नाही. साहेब फळ्याकडं गेले, खडू उचलला आणि पाठमोरे असतानाच विचारलं, "दात पडला तर कोणता गुन्हा?"

कासिम म्हणाला, "साधी दुखापत, सर." मुद्दाम चुकला बिचारा. साहेब म्हणाले, "बरोबर? सगळ्यांना मान्य?" पोरं म्हणाली, मान्य, सर.

एकालाच मान्य नव्हतं. वर्गात चुकीचं उत्तर राहिलं की यमनूरला बसवायचं नाही. उभा राहिला. "नाही, सर. गंभीर दुखापत, सर. दखलपात्र. नुसत्या थप्पडीनं पडला तरी."

साहेब वळले. "थप्पडीचं मी कुठं बोललो, तळवार?"

कासिम सांगताना रडत होता. "अक्का, त्याला फक्त बसून राहायचं होतं. नुसतं बसून! त्या खुळ्याला तेवढंच जमत नाही."

अण्णाला दुपारी नेलं. जामीन त्याच दिवशी मिळाला, पण नोंद झाली ती झाली. बसचा हुकूम थांबला. अण्णा घराबाहेर पडेना. मी त्याला ताट नेऊन दिलं की भिंतीकडं तोंड करायचा. चूक त्याचीच, तरी चिडायचा आमच्यावर, आणि रात्री अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा, एवढा मोठा बाप्या.

वकिलानं वाट दाखवली. ज्याला मार बसला त्यानं कोर्टात उभं राहून, आमचं मिटलं, असं सांगितलं आणि न्यायाधीशांनी परवानगी दिली, तर खटला संपतो. निर्दोष सुटल्यासारखंच धरतात.

अव्वा मला म्हणाली, "तू सांग त्याला. तुझं ऐकेल."

"ज्यानं मारलं त्याला सांगायला सांग," मी म्हणाले. "मी माझ्या भावासाठी त्याच्यापुढं हात पसरणार नाही. उद्या तो म्हणेल, त्यासाठीच गोड बोलत होती."

अव्वानं दोन दिवसांनी मला ज्वारी दळायला गिरणीवर पाठवलं, आणि सांगितलं, गर्दी असली तर थांब, परत येऊ नको. मी थांबले. पीठ घेऊन आले तर घरभर वेलचीचा वास. पुरणपोळ्या केल्या होत्या. सण नाही, वार नाही. "कोणासाठी?" विचारलं तर म्हणाली, "देवासाठी."

कोर्टाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी माझी चांगली हिरवी साडी नेसले होते. आज संपेल सगळं, मी मनात म्हणत होते. आज तो अण्णाला मोकळं करेल, मग अण्णाला मान खाली घालून त्याच्याकडं बघावं लागेल, आणि मग… मग पुढचं मी बघते. अव्वाशी भांडायचं बळ माझ्यात होतं. तिच्याच पोटची होते.

तो वर्दीत आला होता. सरावाची वर्दी, तरी वर्दी. न्यायाधीशांनी अण्णाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"खटला मिटवायचा आहे?"

"हो, साहेब."

"कोणी दबाव आणला? धमकी? कसलं आमिष?"

"नाही, साहेब."

"तुम्ही पोलीस होणार आहात. विचार करून सांगता आहात?"

"विचार करून, साहेब. माझ्या खुशीनं."

आवाज जरा शीळ घातल्यासारखा येत होता, दाताच्या जागेतून. अण्णानं डोळे मिटले. अव्वानं पदरानं तोंड पुसलं. पाच मिनिटांत झालं सगळं. मी खाली बाकावर बसले होते. तो माझ्या समोरून गेला आणि माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच काहीतरी खटकलं.

बाहेर कडुनिंबाखाली टंकलेखकांच्या टेबलांजवळ कासिम उभा होता. त्याला विचारलं. तो आधी उगाच बुटाच्या नाडीशी खेळला, मग सांगून मोकळा झाला. माझ्या अव्वानं यमनूरला बोलावलं होतं. ओसरीवर नाही, आत, चुलीपाशी बसवलं. तळवाराला. स्वतः पुरणपोळी वाढली, वर तूप वाढलं, आणि त्यानं पहिला घास घेतल्यावर त्याच्यापुढं पदर पसरला. पोराची नोकरी दे आणि पोरीचा नाद सोड, म्हणाली. कोणापुढं न वाकलेली माझी अव्वा. आणि तिच्या हातचं इतके दिवस खाल्लेला तो… तोंडातला घास टाकून नाही कसं म्हणणार? ती हे ओळखूनच बसली होती.

मी सरळ त्याच्याकडं गेले. तो नळावर पाणी पीत होता.

"दबाव नव्हता म्हणालास."

"नव्हताच." त्यानं तोंड पुसलं. "अव्वांनी मागितलं, मी दिलं."

"काय दिलंस?"

त्यानं नळ घट्ट बंद केला.

"बोल की. एवढी कलमं तोंडपाठ आहेत. काय दिलंस?"

"तुम्हाला…"

"मी तुझी होते का, द्यायला?"

"नव्हतात," तो म्हणाला. "तोच विचार केला मी. तुम्ही कधी हो म्हणाला नव्हता. मग माझं असं काय होतं, जे नाही म्हणून धरून ठेवू? आणि तिकडं ईरण्णाची नोकरी तर खरी होती."

"तू कधी विचारलंस?"

"विचारणार होतो. शेवटची परेड झाली, पूर्ण वर्दी मिळाली, की दारातून आत येऊन… मागच्या पायरीवर बसून नाही विचारायचं असं ठरवलं होतं." त्यानं वर्दीची बाही सारखी केली. "आमच्या घरातलं कोणी कुणाच्या दारातून आत गेलेलं नव्हतं."

"आत्ता विचार."

"मी शब्द दिलाय."

"शब्द तिला दिलास. उत्तर मला द्यायचंय. विचार."

त्यानं माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत असं कधी बघितलं नव्हतं, आड न ठेवता. कोर्टाचा शिपाई कुणाचं तरी नाव तीनदा पुकारत होता.

"दानव्वा…" पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. "माझ्याशी… लग्न केलं असतं?"

"केलं असतं."

त्याचं हसू डोळ्यांतच राहिलं, आणि तिथंच ओलं झालं.

शब्द मोड, असं मी म्हटलं असतं तर त्यानं मोडला असता. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही दिसतं. मी म्हटलं नाही. वर्गात एक चुकीचं उत्तर सहन न होणारा माणूस तो, जन्मभर माझ्या चुलीपुढं बसून मोडलेला शब्द मोजत राहिला असता. तसला यमनूर मला नको होता. मला हाच हवा होता.

अव्वा आमच्याकडं येताना दिसली. मागं अण्णा. तो चार पावलं दूरच थांबला, त्याला पुढं यायचं धैर्य झालं नाही. अव्वा जवळ आली तसा यमनूर बाजूला सरकला, वाकला आणि तिच्या पायाला हात लावला.

अव्वानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नुसता टेकवून काढला नाही. ठेवला, केसांतून खाली गालापर्यंत फिरवला, सुजेची खूण होती तिथवर. जावयाला करतात तसं.

मग तोच हात तिनं माझ्या मनगटाभोवती घट्ट धरला आणि मला घेऊन चालू लागली. फाटकाशी मागं वळून बघितलं. तिनं. मी नाही.